पहिल्या नंबरावरची भाकरी

सकाळी चहाचं आधण चुलीवर चढण्याआधीच मी फोनवर 'कडक भाकरी' असं टाइप करायचो. डोळ्यांवरची झोपही गेलेली नसायची. बायको म्हणायची, "अहो, तोंड तरी धुवा. रातीतनं कुनी ढकललं का काय आपल्याला खाली?"

ढकललेलं असायचं, तेच तर दुखणं होतं. काल दुसऱ्या पानावर दिसलेली आमची वेबसाईट आज तिसऱ्या पानावर गेलेली असायची आणि माझा दिवस तिथंच नासायचा. मग कुणाशी धड बोलणं नाही की जेवणात लक्ष नाही.

भाकऱ्यांचा धंदा बायकोचा. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती आणि चार बायका ज्वारीच्या पातळ भाकऱ्या थापतात, त्यावर तीळ पेरतात, पापडासारख्या कुरकुरीत होईपर्यंत भाजतात आणि पाकिटात भरतात. थापून झाली की काठाजवळ अंगठा हलकेच दाबायचा, ही माझ्या सासूची सवय. बायकोनं ती चौघींनाही लावली. त्याचा उपयोग काय, ते तिला सांगता येत नाही. "अव्वा करायची," एवढंच म्हणते. कानडीत आईला अव्वा. सासू अक्कलकोटकडची, घरात कानडी बोलणारी, बाजारात मराठी. धंदा उभा राहण्याआधीच ती गेली. पाकिटावर नाव कोणतं घालायचं हे बायकोनं कुणाला विचारलंच नाही, सरळ आईचं नाव छापून आणलं.

मी त्याआधी एका टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसातला कॉम्प्युटर सांभाळत होतो. कारखाना बंद पडला आणि मी घरी बसलो. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं मी भाकरीची वेबसाईट काढली. काढली खरी, पण ती कुणाला सापडेना.

त्याच सुमारास पुण्याचा एक व्यापारी मागं लागला. निघेल तेवढा माल उचलतो म्हणाला, फक्त पाकीट त्याचं आणि नाव त्याचं. नमुन्याला म्हणून थोडा बिनपाकिटाचा माल घेऊनही गेला. चार बायकांच्या हाताला बारमाही काम मिळणार होतं, त्यामुळं बायकोला नाही म्हणवेना, आणि हो म्हणायला जीभ उचलेना. मी म्हटलं, मला गड्ड्याच्या जत्रेपर्यंत वेळ दे. लोक शोधतात तेव्हा आपण वर दिसलो, की ऑर्डरी सरळ आपल्याकडं येतील, मग कुणाच्या पाकिटाची गरज नाही.

"बरं, गड्ड्यापतोर बघू," ती म्हणाली. "न्हाय जमलं तर त्याला हो म्हणून टाकू. अव्वा काय रागवायची न्हाय."

हे बोलताना ती माझ्याकडं नाही, परातीकडं बघत होती.

तेव्हापासून माझ्या अंगात वारं शिरलं. साईट उघडायला वेळ लागतो म्हणून फोटो लहान केले. लहान केल्यावर भाकरी बिस्किटासारखी दिसायला लागली, म्हणून परत मोठे केले. लोक काय शब्द टाकून शोधतात ते शोधत बसलो आणि तेच शब्द इतक्या वेळा लिहिले, की ते पान वाचून माझ्या मेहुण्यानं विचारलं, "दाजी, तब्येत बरी हाय ना?" एकदा साईट थेट पहिल्या नंबरावर दिसली. मी धावत जाऊन पेढे आणले. मग कळलं, की मीच दिवसभर ती उघडतो म्हणून माझ्या फोनला माझी सवय झाली होती. शेजाऱ्याच्या फोनवर आम्ही होतो तिथंच होतो. पेढे मात्र गोड लागले सगळ्यांना.

बायको एकदा म्हणाली, "अव्वाचं नाव टाकून बघा की."

मी खेकसलो. "नावानं शोधलं तर येणारच की! त्याला काय किंमत? ज्याला नाव माहीत नाही त्याला सापडलं पाहिजे."

ती परत भाकरी थापायला लागली.

पहिल्या नंबरावर एक चकचकीत साईट ठाण मांडून बसली होती. इंग्रजी वळणाचं नाव, पांढऱ्याशुभ्र कपड्यावर ठेवलेली एकच भाकरी, वरून पडलेलं ऊन. त्या भाकरीचा मला मनापासून राग यायचा. पानाची मांडणी, शब्द, सगळं मी चोरून बघायचो आणि आपलं त्यापुढं किती गावठी आहे म्हणून चडफडायचो.

कुठंतरी वाचलं, की गिऱ्हाइकांनी चांगले शेरे लिहिले, पाच तारे दिले, की दुकान नकाशावर वर येतं. मी फॅमिली ग्रुपवर साद घातली. झालं! आमच्या नातेवाइकांना देणंघेणं म्हटलं की एकच रीत माहीत, आहेराची. एकाच दिवशी सगळ्यांनी मिळून तारे दिले आणि खाली लिहिलं, 'उभयतांस अनेक आशीर्वाद', 'धंद्याची भरभराट होवो'. भाकरीविषयी कुणी चकार शब्द काढला नाही.

आणि आहेर म्हटला की तो फेडावा लागतो. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. अकलूजच्या चुलतभावाचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं, बायकोनं ट्रॅक्टरला कधी हात लावला नाही तरी 'उत्तम काम' म्हणून पाच तारे दिले. केमला मी आयुष्यात एकदा रेल्वेतून उतरलोय, पण तिथल्या एका भाच्याच्या खताच्या दुकानाचं मी तोंड भरून कौतुक केलं. कुणाचे तारे राहिले, कुणाचे आले, यावरून रुसवेफुगवेही झाले.

मग एका सकाळी बघतो तर आमचे सगळे तारे गायब. तारेच नाहीत, नकाशावरून दुकानच गेलं होतं. खोटे शेरे गोळा केले म्हणून यादीतून काढल्याचा निरोप आला होता. गड्डा तोंडावर आलेला. मी अर्ज केला, माफी मागितली आणि ग्रुपवर सगळ्यांना हात जोडले, की बाबांनो, कुठं काही उरलंसुरलं असेल तर आपापले शेरे काढून टाका.

नातेपुत्याच्या आत्याचा तडक फोन आला. "आरं, दिल्याला आहेर कुनी माघारी नेतंय व्हय? आन खोटं काय त्यात? मी भाकरी खाल्लीया की तुमची!"

ती खोटं बोलत नव्हती. मशीनला आत्या कशी समजावून सांगायची, हे मला कळेना.

बायको चिडली नाही. चिडली असती तर बरं वाटलं असतं. संध्याकाळी पीठ चाळता चाळता म्हणाली, "सोमवारी त्या पुण्याच्या मानसाला फोन लावा. तुमी बी लई दमला."

मला स्वस्थ बसवेना. दुसऱ्या दिवशी मी शेवटचा उपाय म्हणून नवा फोटो काढायला बसलो, अगदी त्या पहिल्या साईटसारखा. खिडकीत पांढरा पंचा अंथरला, पाकिटातली एक भाकरी काढून त्यावर ठेवली आणि शेजारी फोनवर त्यांचा फोटो उघडला, सावली कुठं पडते ते बघायला. बोटांनी तो मोठा केला. भाकरीच्या काठाजवळ एक खळगा होता, अंगठ्याएवढा. मी पंच्यावरच्या भाकरीकडं बघितलं. पुन्हा फोनकडं बघितलं.

बिनपाकिटाचा आमचा माल फक्त पुण्याला गेला होता, म्हणून मी व्यापाऱ्याला फोन लावला. तो खुशीत होता. "हो हो, आमचीच साईट ती. तुम्ही दिलेल्या नमुन्याचाच फोटो आहे तो. काय सुंदर आलाय ना? माल सुरू झाला, की बघा कसा खपतो!"

त्यानं चोरी केली नव्हती. नमुना आम्हीच दिला होता. तरीही मला असा राग आला, की फोन कुठंतरी भिरकावून द्यावा. इतके दिवस मी ज्या भाकरीचा दुस्वास करत होतो, ती माझ्याच घरामागं थापलेली होती.

शेडमध्ये जाऊन मी बायकोला फोटो दाखवला. बाकीच्या जणी भोवती गोळा झाल्या. "अगं बया, ही तर आपलीच!" एकजण ओरडली, आणि सगळ्या हसायला लागल्या. आपली भाकरी पहिल्या नंबरावर, याचाच त्यांना आनंद झाला होता.

बायको हसली नाही. फोटोतल्या त्या खळग्यावर तिनं बोट ठेवलं.

"म्हंजे आपन पयल्या नंबरावर हायच की."

"हो," मी म्हटलं.

"आन अव्वा कुटं हाय?"

तिनं माझ्याच फोनवरून व्यापाऱ्याला सांगितलं, "माल देते, जेवढा पायजे तेवढा देते. पाकीट आमचं, नाव आमचं." पलीकडून तो धंद्याच्या रीतीविषयी बराच वेळ बोलला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग न्हाय जमायचं." बारमाही काम हातचं गेलं, हे बायकांना कळलं. मग त्यांच्यातली सगळ्यात थोरली उठून तव्यासमोर बसली आणि बाकीच्याही आपापल्या जागी गेल्या.

बायकोनं फोन मला परत दिला नाही. पिठाच्या बोटानं एकेक अक्षर शोधत तिनं आईचं नाव टाकलं. आमची साईट वर आली, सगळ्यात वर. तिच्या वर कुणीच नव्हतं.

"हितं हाय की," ती म्हणाली. मग फोन माझ्या हातात ठेवला. "आता तुमी येवढंच करा. हे नाव टाकून शोधनारी मानसं वाढवा. मला बाकी काय नको."

पहिल्यापेक्षा हे काम अवघड आहे. त्या गड्ड्यात पाकिटं घेऊन मी गर्दीत उभा राहिलो आणि भाकरी घेणाऱ्या प्रत्येकाला आधी सासूचं नाव मोठ्यानं वाचायला लावलं.