अण्णा डॉक्टरांची बिरादरी

अण्णा डॉक्टरांच्या दवाखान्यात फी वाचवायची असेल तर एकच करायचं, आपल्या गणगोतात कुणीतरी डॉक्टर आहे म्हणून सांगायचं. डॉक्टर नसला तर नर्स चालायची. नर्स नसली तर कंपाउंडर, मेडिकलवाला, गावची आशाताई, अगदी जनावरांचा डॉक्टरसुद्धा चालायचा. "माझ्या भावजयीची बहीण सिस्टर हाय" एवढं कानावर पडलं की अण्णा पुढं आलेली नोट त्या माणसाच्याच खिशात कोंबायचे. "अरे, आपल्या बिरादरीतला की तू! घरच्याकडून पैशे घेऊ व्हय?" कळंबमध्ये त्यांच्याइतकी गर्दी दुसऱ्या कुणाकडं नव्हती आणि त्यांच्याइतके फुकट पेशंटही कुणी बघत नव्हतं.

एमबीबीएस झाल्यावर मी दोन वर्षं त्यांच्या हाताखाली होते. माझं गाव ईट. रोज एसटीनं येणं-जाणं झेपेना, तेव्हा अण्णांनी मला दवाखान्यावरच्या त्यांच्या घरात एक खोली दिली. भाडं विचारलं तर रागावले. त्यांना मूलबाळ नव्हतं. मला पोरी म्हणायचे, आणि त्यांची बायको, आमच्या काकू, माझ्या ताटात न विचारता धपाटी वाढायच्या. खाली दवाखाना, वर घर, गावाबाहेर एक प्लॉट आणि थोडीशी ठेव. पस्तीस-चाळीस वर्षं राबून या माणसानं एवढंच जमवलं होतं. त्यांच्या मागून आलेल्यांचे तीन-तीन मजले झाले होते.

औषध लिहिताना त्यांचं लक्ष पेशंटच्या पायाकडं असायचं. चप्पल बघून औषध लिहिणारा डॉक्टर मी दुसरा पाहिला नाही. एकदा एका म्हाताऱ्या मेंढपाळाला मी चार तपासण्या लिहून दिल्या. अण्णांनी चिठ्ठी घेतली, म्हाताऱ्याला आडवं केलं, पोट दाबलं, दोन प्रश्न विचारले आणि साध्या गोळ्या दिल्या. तो गेल्यावर माझी हजेरी घेतली. "त्यानं दोन मेंढरं इकून तुझ्या तपासण्या करायच्या का? आदी हात लाव, मग मशीन." म्हातारा आठवड्यात ठणठणीत झाला. मला फार राग आला होता, कारण माझंच चुकलं होतं.

त्याच वर्षी तालुक्यातल्या डॉक्टरांच्या बैठकीला पुण्याहून एक आर्थिक सल्लागार आला. टाय लावलेला, कोवळा पोरगाच. पडद्यावर चित्रं दाखवत तो सांगत होता की डॉक्टर उशिरा कमवायला लागतो, त्याला पेन्शन नाही, फंड नाही, हात थांबला की गल्ला थांबतो. म्हणून आधी आजारपणाचा विमा, मग सहा महिन्यांचा खर्च बाजूला, प्लॉट-बिट सगळं नंतर. एकूण एक शब्द खरा होता. आम्ही मात्र खव्याचे गुलाबजाम कधी येतात इकडं डोळे लावून बसलो होतो.

अण्णा उठले. "साहेब, तुमचं खरं हाय. पर आजारपणाचा विमा आमाला कशाला? लातूरला जाऊ द्या, सोलापूरला जाऊ द्या, डॉक्टर आपलाच. आमच्यात एकमेकाकडून पैशे घ्यायची रीत न्हाय." अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पोरगा हसला आणि हळूच म्हणाला, "सर, फी घेणार नाहीत. बिलाचं काय?" तोवर ताटं वाजायला लागली होती. मी पुढच्याच खुर्चीवर होते, मला ते स्वच्छ ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या पोराला फोन केला आणि माझा, आईचा, वडिलांचा विमा उतरवला. अण्णांना मात्र चकार शब्द बोलले नाही. त्यांना वाटलं असतं, पोरीचा बिरादरीवर विश्वास नाही. त्यांच्या नजरेत मला कोतं दिसायचं नव्हतं. बैठकीत सगळ्यांना विम्याचे फॉर्म वाटले होते, अण्णांनी स्वतःचा फॉर्म उलटा केला आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर एका मधुमेहवाल्याला काय खायचं, काय नाही ते लिहून दिलं. मी शेजारी बसून ते बघत होते. गप्प बसायला मला काहीही कष्ट पडले नाहीत, हे आज लिहिताना लाज वाटते.

पुढं मी एमडी झाले आणि शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात भागीदार झाले. भागीदार म्हणजे काय, तर कर्जात वाटा मोठा आणि शब्दाला वजन कमी. अण्णा कळंबहून पेशंट पाठवायचे, सोबत चिठ्ठी: 'हे आपले आहेत, बघून घे.' सुरुवातीला मी बघून घेतलं. मग एका मीटिंगमध्ये मॅनेजर मला म्हणाला, "मॅडम, 'आपले' असा रकाना आपल्या सॉफ्टवेअरमध्ये नाही." सगळे हसले. त्या दिवसापासून अण्णांच्या चिठ्ठ्या मी वाचून पर्समध्ये ठेवायला लागले. पेशंट काउंटरवर पैसे भरायचे आणि कळंबला जाऊन सांगायचे की मॅडमनी फार आपुलकीनं बघितलं.

मग एके दिवशी अण्णाच आले, गाडीच्या मागच्या सीटवर दुमडून. पित्ताशयातले खडे ते कित्येक वर्षं अंगावर काढत होते आणि आता स्वादुपिंड सुजलं होतं. काउंटरवरच्या मुलीनं काकूंना विचारलं, "विमा आहे की कॅश?" काकू म्हणाल्या, "अगं बाई, डॉक्टर हायत ते." मुलीनं सवलतीचा अर्ज पुढं केला.

सतरा दिवस ते आयसीयूत होते. त्यांनी काकूंना नावं सांगितली होती, हा आपला, तो आपला. काकूंनी सगळ्यांना फोन केले. सर्जन आला, किडनीवाला आला, भूलवाला आला. अण्णांच्या चिठ्ठ्यांवर मोठी झालेली माणसं ही. सगळ्यांनी पाया पडून विचारपूस केली आणि एकानंही फी घेतली नाही. मी तर नाहीच घेतली. रीत आम्ही अगदी काटेकोर पाळली! फक्त बेडचं भाडं, व्हेंटिलेटर, औषधं आणि तपासण्या यांतलं काहीही आमच्या हातात नव्हतं, आणि बिल नव्वद टक्के त्याचंच होतं. आधी ठेव मोडली. मग प्लॉट विकला, पडेल त्या भावात. मी भागीदारांपुढं शब्द टाकला, तेव्हा त्यांनी दहा टक्के सूट दिली आणि मी त्यांचे आभार मानले. माझ्या पदरचं मी काकूंना देऊ केलं. त्यांनी माझा हात बाजूला सारला.

अठराव्या दिवशी नळी निघाली, अण्णा बोलायला लागले. मला बघून पहिलं वाक्य: "फी घेतली न्हाईस नव्हं?" मी म्हटलं, "नाही अण्णा." ते काकूंकडं वळले. "बघ. म्हणलं नव्हतं तुला?" आणि समाधानानं डोळे मिटले. मला वाटलं, यांना काही माहीत नाही तेच बरं. काकू भिंतीकडं बघत होत्या.

पोटात पू साचला होता, आणखी एक ऑपरेशन लागणार होतं. ते झालं असतं तर अण्णा वाचण्याची बरीच आशा होती. दोन दिवसांनी त्यांनी सांगून टाकलं, "मला आता बरं वाटतंय, घरी जातो." मी समजावलं, विनवलं, शेवटी आवाज चढवला. "तुम्ही डॉक्टर असून अडाण्यासारखं काय करताय?" सगळा वॉर्ड ऐकत होता. अण्णांनी 'सल्ल्याविरुद्ध घरी जात आहे' या कागदावर सही केली आणि म्हणाले, "पोरी, लई थकलीस तू. झोप जरा." मी रागानं त्यांना गाडीपर्यंत सोडायलाही गेले नाही. नवव्या दिवशी कळंबला घरीच त्यांनी प्राण सोडला.

तेराव्याला मी गेले तेव्हा काकूंनी चहा पुढं ठेवला. मीच विषय काढला, कारण माझा राग अजून गेला नव्हता. म्हटलं, "काकू, एवढा हट्ट कशाला केला त्यांनी? वाचले असते हो."

काकूंनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "नळी काढली त्याच सांजच्याला सिस्टरला सांगून बिल मागवलं व्हतं त्यांनी. सगळं वाचलं. मला म्हणले, आता फुडच्या ऑपरेशनला हे घर जाईल. म्या म्हणलं जाऊ द्या, तुमी राहा. तर म्हणले, म्या सत्तरीचा, तू अजून पंधरा वरीस जगशील, कुठं जगशील? आन् म्हणले, पोरीला कळू दिऊ नकोस. तिला वाटंल तिच्यामुळं झालं."

खाली दवाखान्याची जागा एका नव्या डॉक्टरानं भाड्यानं घेतली होती. त्या भाड्यावर काकूंचं भागणार होतं. अण्णांनी आयुष्यात केलेलं आर्थिक नियोजन ते एवढंच, आणि ते करायला त्यांना मरावं लागलं. त्यांच्यावर वॉर्डभर ओरडणारी मी, सहा वर्षं विम्याचे हप्ते बिनचूक भरत होते.

कपातला चहा तसाच होता. काकूंनी माझ्या पाठीवर हात फिरवला, मला धीर द्यायला म्हणून. म्हणाल्या, "पर तुमी कुणीच फी घेतली न्हाई, ह्याचं त्यांना लई बरं वाटलं बघ. खरंच. गाडीत दोनदा म्हणले."