नसलेला दहावा

ज्या माणसानं मला पहिल्यांदा आमदार केलं, त्याच्या बायकोच्या दहाव्याला मी गेलो आणि तिथं दहावा नव्हताच. पांढरा झब्बा घालून, खिशात भाषणाचा कागद ठेवून मी सकाळी साडेआठला नदीच्या घाटावर जाऊन बसलो. अकरापर्यंत माझ्याखेरीज कुणी आलं नाही. एक कावळा आला होता, पण त्यालाही करण्यासारखं काही नव्हतं.

आमच्या मावळात दहाव्याला भाषणं होतात, हे बाहेरच्यांना विचित्र वाटतं. पिंड ठेवलेला असतो, कावळा शिवायचा असतो, तोवर जमलेल्या माणसांनी करायचं काय? मग माईक येतो. बोलण्याचा क्रम ठरलेला. आधी गावचे, मग सोसायटीचे, मग पंचायतीचे, आणि शेवटी जो सगळ्यांत मोठा तो. मी मंत्री होतो तेव्हा शेवटी बोलायचो. कावळा आधी शिवून गेला तरी माणसं माझ्यासाठी थांबायची. दुसऱ्यांदा पडलो तेव्हा माझा नंबर मधे सरकला. हल्ली मी पहिल्या दोघा-तिघांत उरकतो. माईकची खरखर माझ्या भाषणात दुरुस्त करून घेतात. तरी मी जातो, कारण मला अजून ‘बोला’ म्हणतात असं हे एकच ठिकाण उरलंय.

राहतो लोणावळ्यात, मंत्री असताना बांधलेल्या बंगल्यात. बायको पुण्याला मुलीकडे असते. लोणावळ्याची ओल सोसत नाही म्हणते, पण उन्हाळ्यातही येत नाही. ड्रायव्हर मला पाडणाऱ्या उमेदवाराकडे गेला. मतदारसंघातले सगळे रस्ते त्याला पाठ होते, मला नव्हते. शनिवार-रविवारी पर्यटक फाटकाशी गाडी थांबवून विचारतात, “काका, रूम आहे का?” एकदा एका कुटुंबाला मी आत बोलावलं. चहा केला, शपथविधीचा फोटो दाखवला. त्यातल्या बाईंनी फोटो नीट पाहिला आणि विचारलं, “मालक इथं राहत नाहीत का?”

तर तो माणूस. आंदर मावळातला, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणायचो. पहिल्या निवडणुकीत त्यानं मला डोंगरातल्या सगळ्या वस्त्या पायी फिरवल्या. कुणाच्या उंबऱ्यात आधी जायचं, कुणाच्या म्हाताऱ्याला कसला दमा आहे, हे तो वाटेत सांगायचा आणि मी आत जाऊन आपुलकीनं विचारायचो. संध्याकाळी त्याच्या घरी वहिनी तांदळाची भाकरी आणि खेकड्यांचं कालवण वाढायच्या. मी निवडून आलो. पुढं मंत्री झालो. भाऊनं एकच गोष्ट मागितली, की एसटी खाली फाट्यावर थांबते, ती वर वस्तीपर्यंत यावी. मी म्हणालो, “झालंच समजा, भाऊ.” एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी वस्तीवर जाऊन स्टेजवरून जाहीर केलं, की पाडव्याला गाडी इथं उभी असेल.

पाडवा आला, गाडी आली नाही. पावसाळ्यानंतर भाऊ मुंबईला मंत्रालयात आला आणि माझ्या दालनाबाहेर सकाळपासून बसला. त्याच्या नावाची चिठ्ठी आत आली. मला लाज वाटली, म्हणून मी मागच्या दारानं निघून गेलो. लाज वाटली ते ठीकच होतं, पण मागचं दार होतं ते वाईट झालं. त्यानंतर भाऊ माझ्याकडे आला नाही आणि मी त्याच्याकडे जाण्याइतका मोठा झालो नाही. अशी अकरा वर्षं गेली. आता मला त्याच्याकडून काही मोठं नको होतं. त्यानं मला एकदा ‘बसा’ म्हणावं, एवढंच.

लोणावळ्यात मला दूध घालतो तो त्याच बाजूचा. त्यानं सांगितलं, “भाऊंची मंडळी गेली, साहेब. मंगळवारी.” मी बोटांवर दहा दिवस मोजले. पूर्वी हे मोजणं माझ्या स्वीय सहायकाचं काम होतं. कुणाचा दहावा कुठल्या घाटावर, कुणाच्यात तो करतच नाहीत, कुठं हार न्यायचा, कुठं फक्त हात जोडायचे, सगळं त्याच्या डायरीत असे. समाजाची नस ओळखणारा नेता म्हणून माझं नाव झालं, पण नस त्या डायरीला ठाऊक होती.

पहाटेच्या लोकलनं कान्हे स्टेशनला उतरलो, तिथून एसटीनं फाट्यावर. घाट फाट्याला लागूनच आहे. बसून बसून मी भाषण मनात तीनदा म्हणून घेतलं. अकराच्या सुमारास एक बाई गोधड्या धुवायला आली. तिनं दोन गोधड्या होईपर्यंत मला पाहिलं आणि मग विचारलं, “आबा, कुनाची वाट बगताय?”

मी भाऊचं नाव सांगितलं. दहावा आहे ना आज, म्हणालो.

“त्यांच्यात कुटं आसतोय दहावा? त्यांचं पुण्यानुमोदन झालं की रविवारी, घरी. भंतेजी आलते. लय मानसं जमली व्हती.” तिनं गोधडी पिळली. “तुमी त्यांचं पाव्हनं का?”

“व्हय,” मी म्हणालो. “लांबचा.”

भाऊच्या घरच्यांनी त्याच्या आजोबांच्या काळीच बौद्ध धम्म घेतला होता, हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्याच वस्तीवर बुद्धजयंतीला मी हात वर करून म्हणालो होतो, की या समाजानं पिंड सोडला, श्राद्ध सोडलं, याला छाती लागते. टाळ्या पडल्या होत्या. भाऊ पहिल्या रांगेत होता. ते भाषण अर्थात सहायकानं लिहिलेलं.

परत जाता आलं असतं. मला तिथं ओळखणारं कुणी नव्हतं. पण लोणावळ्याला जाऊन करायचं काय, म्हणून मी वस्तीची चढण धरली. कापलेल्या भातखाचरांतून वाट होती. पूर्वी ती एवढी लांब नव्हती, किंवा भाऊ बोलत असायचा म्हणून वाटत नसावी.

भाऊ ओट्यावर सूप घेऊन तांदूळ निवडत होता. आत बुद्धाच्या मूर्तीशेजारी वहिनींचा फोटो, त्याला पांढऱ्या फुलांचा सुकलेला हार. त्यानं मला पाहिलं आणि पुन्हा सुपात पाहिलं.

“सायेब इकडं कुटं?”

“वहिनींचं कळलं.”

“आज कळलं?”

खोटं बोलण्याचा मला सराव आहे, पण त्या दिवशी जमलं नाही. “सकाळपासून घाटावर होतो,” मी म्हणालो. “दहाव्याला.”

भाऊनं सूप खाली ठेवलं. मान खाली घातली, खांदे हलायला लागले. तो रडतोय असं समजून मी पुढं झालो, तर तो हसत होता.

“कवापासनं?”

“साडेआठ.”

“कावळा आलता का?”

“आला होता.”

“मंग त्याला भाषन ऐकवायचं.” हसता हसता त्यानं उपरण्यानं डोळे पुसले आणि मग बराच वेळ पुसतच राहिला. मी उभाच होतो.

“भाऊ, मंत्रालयात त्या दिवशी मी मागच्या दारानं गेलो.”

“ठावं हाय. शिपायानंच सांगितलं. हिला म्या सांगितलं, सायेब मीटिंगला गेलते.”

“असं का सांगितलंत?”

“भाकरी वाढायची तुमाला. तिला वाईट वाटलं आसतं.” त्यानं सुपातला एक खडा काढून अंगणात टाकला. “आवंदा दोनदा दवाखान्यासाटी खुर्चीत बसवून फाट्यापातुर न्येली तिला. चौगंजण लागायचे.”

बोलता येत नाही तेव्हा मी जे करतो तेच केलं. खिशातून कागद काढला. “दोन शब्द लिहून आणलेत. वाचू का?”

त्यानं कागद माझ्या हातातून घेतला, लांब धरून वरपासून खालपर्यंत वाचला. “ह्यात तिचं नाव कुटं हाय?”

मी तिथं ‘माउली’ लिहिलं होतं. इतकी वर्षं त्या घरात जेवलो, वहिनी म्हणत आलो, नाव मला ठाऊकच नव्हतं. भाऊला ते माझ्या तोंडावरून कळलं. त्यानं नाव सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही. ज्याला ते विचारायचं सुचलं नाही, त्यानं आता मिरवू नये.

मग त्यानं पायानं एक रिकामं पोतं माझ्याकडे सरकवलं. “बसा.”

मी बसलो. त्यानं चहा केला, गोडमिट्ट. त्यानं अर्धं सूप माझ्यापुढं केलं आणि मी तांदूळ निवडला. माझ्या बाजूचे खडे तो पुन्हा काढत होता.

उन्हं कलली तसा तो म्हणाला, “चारची गाडी हाय फाट्यावरनं. निगा आता.”

मी उठलो. विचारलं, “पुन्हा येऊ का?”

“या की. पर चालत यावं लागंल. गाडी हितपातुर येनार व्हती, पर ज्या मंत्र्यानं सांगितलं त्यो निस्ता बोलायचा.”