रिकाम्या गाडीचा गारवा

मंडळी, दुपारपासून घशाखाली घास उतरलेला नाही. म्हणून इथे लिहितोय.

मी पेणला एका कंपनीची इलेक्ट्रिक गाडी चालवतो, मागे थंड पेटी असलेली. आज सकाळी खाडीकडच्या एका मावशीचे जिताडे मासे भरले. वर्षभर तिने तळ्यात जपलेले, रोह्याच्या लग्नघरी द्यायचे. मावशी सोबतच बसली.

"बरफ नाय टाकायचा काय रं?"

"गाडीच बरफ हाय, मावशे!" मी ऐटीत म्हणालो.

वडखळला ट्रॅफिक तुंबलं. मे महिन्याचं ऊन. जागच्या जागी पेटी थंड ठेवण्यातच बॅटरी उतरली. कशीबशी चार्जिंगच्या जागी पोचलो, तर तिथे लाईट गेलेली! आता गाडी तरी चालेल नाहीतर गारवा तरी. मी गारवा बंद केला.

रोह्याला दार उघडलं आणि लग्नवाल्यांनी नाकाला रुमाल लावला.

सगळे जिताडे खड्ड्यात पुरले.

तिथेच बॅटरी फुल केली, पेटी धुतली आणि सवयीने गारवा चालू केला. मावशीने पेटीत हात घालून बघितला.

"आता कोनासाठी थंड करतोस रं?"

अशी गाडी चालवणाऱ्यांनो, तुम्ही काय उत्तर दिलं असतं?