पात्यावरचा अंगठा

यांना खिशात मिटून ठेवायच्या जुन्या अमेरिकन चाकूंचा भारी नाद. पात्याला बोट लागलं की घामाने गंज चढतो, म्हणून बघून झालं की प्रत्येक चाकू तेलाच्या फडक्याने पुसूनच ठेवायचे.

हे गेल्यावर आज पहिल्यांदा चाकूंचा डबा उघडला. एका पात्यावर कारखान्याचं नाव होतं आणि शेजारी गंजाचा तांबूस अंगठा, रेषा न् रेषा दिसणारा. एवढा एक पुसायचा राहिला होता. बनवणाऱ्यांनी पात्यापात्यावर नाव कोरून ठेवलं; हे मात्र जन्मभर आपली बोटं पुसत राहिले.

“आई, तेल लावू का? गंज वाढेल,” मुलगी म्हणाली.

“वाढू दे,” मी म्हटलं आणि चाकू मिटला.