बिनबटणाचा दिवा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी शेजारच्या सुमनवैनींचा फोन आला, "अण्णा, आक्का उठंना झाल्यात... लगेच या." हातकणंगल्याहून कोल्हापूर ते केवढं अंतर! पण त्या दिवशी रस्ता सरता सरेना. पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. झोपेतच गेली आक्का. माझी थोरली बहीण, आईमागं मला वाढवणारी.

मेहुणे वारल्यापासून ती एकटीच राहायची. घरापुढं हातभर बाग, पायरीच्या अंगाला शेवंतीच्या चार कुंड्या. नजर अधू झाली तसं दोन वर्षांमागं म्हणाली, "बाळू, पायरीपुरता एक बारका दिवा दे की. पाय दिसला म्हंजे झालं." माझं विजेच्या सामानाचं दुकान, जन्म गेला दिवे विकण्यात. मी कशाला ऐकतोय! म्हटलं, "उजेडातलं मला शिकवू नगंस." आणि पार गेटापर्यंत लख्ख दिसेल असा पांढरा फोकस भिंतीवर ठोकला. अंधार पडला की आपोआप लागायचा, उजाडलं की विझायचा. म्हातारीला ताप नको म्हणून बटणच ठेवलं नाही. केवढा मिरवलो मी त्या बिनबटणाच्या दिव्यावर! दर रविवारी तो लागलेला बघूनच घरी परतायचो. ती नुसती म्हणायची, "झ्याक हाय."

त्या वर्षी तिच्या शेवंतीला एक कळी धरली नाही. "खत घाल," म्हणून वर मीच अक्कल शिकवली. यंदा मात्र कळ्या आल्या. न्हाणीत कोंबड्या झाकायची चार डालगी रचलेली दिसली, तेव्हा विचारलं, "कोंबड्या पाळल्यास का काय गं?" तर तोंडाला पदर लावून हसली.

तेराव्याला पाहुणे पांगले. दिवस मावळताना सुमनवैनी तीच डालगी घेऊन आल्या आणि एकेका कुंडीवर पालथी घालायला लागल्या. मी बघतच राहिलो.

"शेवंतीला रातचा अंधार लागतोय, अण्णा. ह्या उजेडात ती फुलत न्हाय. आक्का रोज झाकायच्या... तुमी येनार म्हटलं की तेवढी लपवून ठिवायच्या. म्हनायच्या, भावानं हौसेनं लावलाय, त्याला वाईट वाटंल."

मी तिथंच पायरीवर बसलो आणि ढसाढसा रडलो. गुडघे धरून, वाकून वाकून रोज चार कुंड्या झाकत होती माझी बहीण, माझ्या शहाणपणापायी. एकदा बोलली असतीस तर, आक्का... पण पहिल्यांदा बोलली होतीस तेव्हा मी कुठं ऐकलं?

दुसऱ्या दिवशी फोकस उतरवला. पायरीच्या कडेला, तोंड खाली करून, बारका पिवळा दिवा बसवला. त्याला बटण दिलं. आक्का ठेंगणी, त्यात कंबरेत वाकलेली. तिचा हात पोचेल अशा बेतानं ते खाली लावलं. आता शेवंती फुललीय. रविवारी जातो, कुंड्यांना पाणी घालतो, दिवेलागणीला बटण दाबतो... त्यासाठी मला वाकावं लागतं.