माझ्या नावावरचं तिचं दुखणं

दवाखान्याच्या कागदावर मी आजारी होते आणि घरात माझी जाऊ आजारी होती. हे आम्हा तिघांनाच माहीत होतं. तिला, मला आणि माझ्या नवऱ्याला. आता ती नाही आणि नवरा त्याविषयी बोलत नाही. म्हणून मी लिहून ठेवते आहे.

आम्ही मुकुंदवाडीत राहतो. दोन खोल्या, एक मोरी, वर पत्रे. माझे धाकटे दीर वारले तेव्हा जाऊ आणि तिची मुलगी आमच्याकडंच राहिल्या. मला मूलबाळ नाही. ती मुलगी आम्हा दोघींच्या हाताखाली वाढली. आमच्यात बोलायचं काम जावेकडं होतं. रेशनच्या दुकानात, मुलीच्या शाळेत, नळावर, सगळीकडं तीच बोलायची. मी पिशवी धरून मागं उभी राहायचे. मी खुलताबादजवळच्या खेड्यात चौथीपर्यंत शिकले. तिथंही गुरुजींनी उभं केलं की येत असलेलं उत्तर तोंडातून निघायचं नाही. जाऊ म्हणायची, "आक्का, तुझ्या वाटचं बी मलाच बोलावं लागतं. एखाद्या दिवशी माझा घसाच बसंल."

तिला खोकला सुरू झाला तो दिवाळीनंतर. आधी आम्ही फराळाच्या तळणाचं निमित्त सांगितलं, मग थंडीचं. आमच्या गल्लीची आशाताई महापालिकेच्या आरोग्य पाहणीला आली. दारातच उभी राहून तिनं विचारलं की दोन आठवड्यांच्या वर कुणाला खोकला आहे का. तेव्हा नळावर पाच-सहा बायका होत्या. जाऊ म्हणाली, "धुळीचा हाय ओ. रस्ता खोदून ठेवलाय तुमच्याच लोकांनी, त्यांना विचारा." सगळ्या हसल्या. आशाताई पण हसली आणि पुढच्या दाराकडं गेली.

त्यानंतर आठ दिवसांनी तिनं मला मोरीत बोलावून फडकं दाखवलं. थुंकीत रक्ताची तार होती.

"कुणाला बोलू नको," ती म्हणाली. "पोरीचं मोडंल."

मुलीचं लग्न फर्दापूरच्या मुलाशी ठरलं होतं. मुलगा तिथल्या एका हॉटेलात कामाला होता. स्वभावानं चांगला, मुलीलाही आवडलेला. त्याची मावशी आमच्या मागच्या गल्लीत राहायची आणि जुळवलंही तिनंच होतं. लग्नाला अडीच महिने होते.

"औषध तर घ्यावं लागंल," मी म्हणाले.

"लग्न झालं की घेते. आईला टीबी हाय म्हटल्यावर कोण करून नेईल तिला?"

आयुष्यात मी आपणहून एकच गोष्ट सुचवली आणि ती ही. मी म्हणाले, "माझ्या नावानं आणू. चुलतीला हाय म्हणू. माझ्यामुळं कुणाचं काय मोडायचंय?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग हसू लागली. हसता हसता तिला उबळ आली. ती थांबल्यावर म्हणाली, "आक्का, तुला चार माणसांत बोलता येत नाय, खोकता तरी येईल का?"

तिनं मला खोकायला शिकवलं. मी नुसती घशातून खोकायचे, तर ती म्हणायची, "असं नाय, हे पाव्हणे आल्यावर खाकरतात तसं झालं. पोटातून काढ." आम्ही दोघी मोरीच्या उंबऱ्याशी बसून हे करत असताना नवरा कामावरून आला. तो एका कंपनीत पहारेकरी आहे. त्याला सगळं सांगितलं. त्यानं डबा खाली ठेवला आणि म्हणाला, "तुमचं तुम्ही बघा." त्यानंतर या गोष्टीत त्यानं हो किंवा नाही असं काही म्हटलं नाही.

सकाळी उठल्या उठल्या तिनं डबीत थुंकी दिली आणि मी ती पदराखाली धरून महापालिकेच्या दवाखान्यात नेली. आधार कार्ड माझं दिलं. तीन दिवसांनी टीबी निघाला. सिस्टरनं मला जवळ बसवून नीट समजावलं, घाबरू नका, सहा महिने गोळ्या घेतल्या की माणूस पूर्ण बरं होतं. बोटातून रक्त घेतलं ते माझं. साखर नव्हती. वजन केलं ते माझं. मग तिनं एकेक प्रश्न विचारला. दम लागतो का, इतर काही गोळ्या चालू आहेत का, कधी कावीळ झाली होती का.

मी नाही म्हणाले. मला कधी कावीळ झालेली नाही.

जावेला बाळंतपणानंतर झाली होती. तिला औषध द्यायला मीच घेऊन गेले होते, महिनाभर बिनातेलाचं मीच रांधून घातलं होतं. पण त्या खुर्चीवर बसल्यावर मला ते आठवलंच नाही. प्रश्न मला विचारला होता, मी माझं उत्तर दिलं.

"गोळ्या वजनावर असतात ताई," सिस्टर म्हणाली. "तुम्हाला रोज चार. सकाळी उपाशीपोटी. लघवी लाल होईल, घाबरायचं नाही."

जाऊ माझ्यापुढं काडी होती. मी घरी येऊन तिला सांगितलं की गोळ्या वजनावर असतात म्हणे, तू तीन घे. ती म्हणाली, "चार दिल्यात तर चार घेते. लवकर बरं वाटंल. लग्नात मला उभं राहायचंय." रोज सकाळी मुलगी नळावर गेली की ती चार गोळ्या हातावर घ्यायची आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी राहायचे. एक दिवस चुकला नाही.

आशाताई घर बघायला आली तेव्हा तिनं घरातल्या सगळ्यांना विचारलं. मुलीची तपासणी झाली, ती चांगली निघाली. नवऱ्याचीही झाली. जाऊ म्हणाली, "मला काय झालंय? लग्नाची धावपळ करतेय मी. झाली की येते." मग माझ्याकडं बघून, "आक्काचं तेवढं बघा, रातभर झोपू देत नाय आम्हाला." आशाताई गेल्यावर ती पदर तोंडात धरून हसली.

हळूहळू गल्लीला कळलं. माझी ताटवाटी वेगळी झाली. ती आम्ही लोकांना दिसावी म्हणूनच वेगळी ठेवली होती, पण नंतर शेजारणीही मला त्यांच्या घरच्या कपात चहा देईनात. मुलाची मावशी येऊन दारातूनच म्हणाली, "लग्नात तुम्ही जेवणाला हात लावू नका बरं का. राग मानू नका." मी मान हलवली. मला खरंच राग आला नाही. लग्न पक्कं राहिलं होतं.

दवाखान्यात एकदा पोषण आहाराचं वाटप होतं. शेंगदाणे, गूळ, डाळ, तेल अशी पिशवी. मागं मोठा फलक लावला होता आणि प्रत्येकाला पिशवी देताना फोटो काढत होते. मी कधी कुणाच्या लग्नातही फोटोत उभी राहिले नव्हते. फोटो काढणारा म्हणाला, "मावशी, वर बघा, पिशवीकडं नका बघू." घरी येऊन जावेला सांगितलं तर म्हणाली, "माझ्या आजारानं तुझा फोटो आला बघ. नाहीतर तुला कोण बोलवत होतं."

त्या शेंगदाण्या-गुळाचा लाडू करून दिला, तो तिला गेला नाही. अर्धा खायची आणि ताट सारायची. टाकवत नाही म्हणून उरलेला मी खायचे. महिन्यानं सिस्टरनं मला काट्यावर उभं केलं आणि खूश होऊन म्हणाली, "वजन वाढलं की. औषध लागू पडलंय." तिनं कार्डावर लिहिलं. मी घरी आले तेव्हा जाऊ मुलीच्या लग्नात घालायचं आपलं पोलकं दुसऱ्यांदा आत घेत बसली होती.

खोकला कमी झाला होता, हे खरं. रक्तही थांबलं. आम्हाला वाटलं, जिंकलं. मग दुसऱ्या महिन्यात उलट्या सुरू झाल्या. लघवी गडद होत होती, पण लाल होईल असं सांगितलंच होतं, म्हणून त्याकडं आम्ही पाहिलं नाही. लग्नाला बारा दिवस राहिले असताना मी दवाखान्यात गेले आणि सिस्टरला म्हणाले, "उलट्या होतात."

"किती दिवस?"

"सहा दिवस झाले."

ती उठून माझ्याजवळ आली. माझी पापणी खाली ओढून डोळा पाहिला, मग दुसरा. जीभ बाहेर काढायला लावली. उजव्या बरगडीखाली दाबून विचारलं, दुखतं का. नाही दुखत म्हणाले.

"डोळे तर चांगले आहेत," ती म्हणाली. "पित्त असेल. तरी रक्त तपासून घेऊ."

तिनं माझ्या दंडाला पट्टा बांधला आणि माझं रक्त घेतलं. तेवढ्या वेळात मला बोलता आलं असतं. ती बाई माझ्याशी कधी वाकडं बोलली नव्हती. माझ्या मागच्या बाकावर सात-आठ माणसं होती आणि त्यात आमच्या गल्लीची एक होती. मी पट्ट्याकडं बघत राहिले. दोन दिवसांनी अहवाल आला. सगळं ठीक होतं. मी जावेला येऊन सांगितलं, "पित्त हाय म्हणाली. गोळ्या चालू ठेवायच्या." ती म्हणाली, "मी म्हणतच होते तुला." आणि गोळ्या घेतल्या.

लग्नात मी मंडपाच्या कडेला, तोंडाला रुमाल बांधून बसले. मुलीनं मला खुणेनं पुढं बोलावलं, पण मी गेले नाही. जाऊ सगळं करत होती. खुर्चीचा आधार घेत होती, पण करत होती. पाठवणीच्या वेळी ती माझ्याजवळ येऊन बसली तेव्हा उजेडात मला तिचे डोळे दिसले. आतला पांढरा भाग पिवळा झाला होता.

"तुझे डोळे बघ," मी म्हणाले.

"रडून झालं असंल," ती म्हणाली. "चल आक्का, पोर निघाली."

तिसऱ्या दिवशी ती उठेना. काहीबाही बोलू लागली. आम्ही तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. जावई आणि मुलगी फर्दापूरहून धावत आली. डॉक्टरनं विचारलं, "कोणत्या गोळ्या चालू आहेत का?" जावई शेजारीच उभा होता. नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. जाऊ शुद्धीत असल्यासारखी माझ्याकडंच बघत होती, आणि त्या नजरेत काय होतं हे मी अजून ठरवू शकलेले नाही. सांग म्हणत होती की सांगू नको. आजवर आमच्यात तीच बोलत आली होती.

मी नाही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जावई चहाला खाली गेला तेव्हा मी पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून डॉक्टरला दाखवलं. त्यानं पाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "हे काल का नाही सांगितलं? या गोळ्यांनी लिव्हर बिघडतं." तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यांनी पुष्कळ केलं. चौथ्या दिवशी ती गेली. मुलीला सांगितलं, कावीळ झाली, अंगावर काढली. तिला आजही तेवढंच माहीत आहे.

मला वाटलं, आता हे संपलं. पण कागदावर मी आजारीच होते. तेराव्यानंतर आशाताई आली. "ताई, दुःख आहे हे समजतं, पण गोळ्या मधेच सोडायच्या नसतात." मी गेले नाही तर ती पुन्हा येईल, गल्लीत विचारेल, म्हणून मी गेले. दर महिन्याला गोळ्या आणल्या आणि पिठाच्या डब्यामागं ठेवल्या. काट्यावर उभी राहिले. शेवटी थुंकी दिली, ती माझीच. स्वच्छ निघाली.

कार्ड घ्यायला गेले त्या दिवशी सिस्टरनं त्यावर मी बरी झाल्याचं लिहिलं. बाकावर एक नवीन मुलगी ओढणीनं तोंड झाकून बसली होती, नुकती लग्न झालेली असावी. सिस्टर तिला म्हणाली, "या ताईंकडं बघ. सहा महिन्यांत एक दिवस चुकवला नाही. ताई, सांगा तिला काहीतरी. लाजू नका."

मी मुलीकडं पाहिलं. म्हणाले, "उलटी झाली, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी इथं ये. तू ये. दुसऱ्या कुणाला पाठवू नको."

सिस्टर लिहायची थांबली. "तुमचे डोळे कधी पिवळे झाले होते?"

"माझे नाही. जावेचे."

"त्या कुठं दाखवत होत्या?"

मी म्हणाले, "कुठंच नाही."

सिस्टरनं मान हलवली. "बायका अशाच असतात बघा," ती त्या मुलीला म्हणाली. "दुखणं अंगावर काढतात आणि मग जातात."

माझ्या जावेनं अंगावर काढलं नव्हतं. तिनं रोज सकाळी गोळ्या घेतल्या होत्या. हे तिथं म्हणायला फक्त मी होते. मी कार्ड घेतलं, घडी करून पदराला बांधलं आणि बाहेर पडले.