वाळत्या गाळातलं बटण

नव्वदच्या दशकात वाशीच्या खाडीलगतच्या एका सांडपाणी केंद्रात मी प्रयोगशाळेत नोकरीला होते. टाक्यांच्या तळाशी बसलेला पातळ गाळ तिथे वाळू-खडीच्या उघड्या वाफ्यांत सोडत. काही पाणी खाली झिरपे, काही उन्हाने उडे. उरलेल्या काळ्या थराला भेगा पडल्या की कामावरच्या बाया फावड्याने ढेपा उचलत.

त्यांतली एक जवळच्याच गावातली. तिचा नवरा मासे धरायला खाडीत गेला तो परतलाच नव्हता. होडी सापडली, तो नाही. ती अजून मंगळसूत्र घालायची. आणि प्रत्येक ढेप टोपलीत टाकण्याआधी हाताने फोडून बघायची.

एकदा मी म्हटलं, "हा घराघरांतल्या गटाराचा गाळ आहे. खाडीतलं यात काही येत नाही."

"ठावं हाय, म्याडम," ती म्हणाली. "पन पानी गेलं का खालचं समदं दिसतं. बघितल्याबिगर ऱ्हवत नाय."

एका दुपारी ढेपेतून शर्टाचं बटण निघालं. पांढरं, कडेचा टवका उडालेलं. ती वाफ्यातच खाली बसली. "त्यांचंच हाय," एवढंच बोलली. बाकीच्या बायांनी फावडी खाली ठेवली. कुणी तिला खोटं पाडलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा दीर मला भेटायला आला. दाराशीच थांबला.

"दादा त्या दिवशी नुसत्या गंजीवर गेल्ता. शर्ट घरीच हाय, खुंटीला. वहिनीला पन ठावं हाय."

"मग?"

"इतकी वर्सं ती क्रिया करू देत नव्हती. आता हो बोलली. तुमी तिला काय बोलू नका."

मी बोलले नाही. त्यांनी दर्भाचा पुतळा केला, त्यात ते बटण ठेवलं आणि खाडीकाठी अग्नी दिला. मीही गेले होते. ती रडली नाही. जाळ विझेपर्यंत बघत राहिली.

दिवस झाल्यावर ती कामावर आली, गळा मोकळा. ढेपा न फोडताच टोपलीत टाकू लागली. मला हायसं वाटलं.

त्याच आठवड्यात वाफ्याच्या कडेने जाताना मी वाकले आणि एक ढेप फोडली. आत नुसता गाळ. मग दुसरी फोडली. तिसरीला हात घातला तेव्हा ती माझ्यामागे उभी होती.

"नका बघू, म्याडम," ती हळूच म्हणाली. "मग सुटत नाय."

माझं तर कुणी हरवलेलंही नव्हतं. नोकरी सोडून बरीच वर्षं झाली, पण ओहोटीनंतर सुकत आलेला चिखल दिसला की मी अजून थांबते.